कळप होता, कुटुंब होतं का?

शिरवण्याच्या जमिनीत डायनासोरचं हाड सापडेल अशी आशा कुणी धरू नये. नेरूळला चिकटलेलं हे गाव, बाजूची एमआयडीसी आणि तिच्यामागचे खाणींनी पोखरलेले डोंगर हे सगळं दख्खनच्या लाव्ह्यातून घडलेल्या काळ्या पाषाणावर वसलं आहे. उरलेला भाग खाडीच्या गाळाचा. आपल्या राज्यातले डायनासोर बघायचे तर या लाव्ह्याच्या तळाशी जायला हवं, आणि तो तळ महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला उघडा पडतो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा आणि डोंगरगाव ही गावं आहेत. तिथे लाव्ह्याखालचे लॅमेटा नावाचे खडक वर आलेले दिसतात. डायनासोरांच्या शेवटच्या काळात, म्हणजे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी, तिथे लांब मानेचे, झाडपाला खाणारे टायटनोसॉर फिरत होते. त्यांची हाडं आहेत, अंडी आहेत, दगड झालेली विष्ठासुद्धा आहे. ते एकत्र राहत होते याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो पुढच्या प्रश्नाचा: ते पिल्लांना वाढवत होते का? शिरवण्यात राहणाऱ्या, अनेक वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या माझ्या आत्याचं उत्तर ‘हो’ असं आहे. माझं उत्तर वेगळं आहे. तिचे आक्षेप वजनदार आहेत, म्हणून ते तिच्याच तोंडून मांडते.

आत्या: अगं, कळप कशासाठी असतो ते आधी सांग. ताडोबातल्या गव्यांचा कळप बघ, गाई आणि वासरं एकत्र असतात. २०२१ पासून छत्तीसगडमधून गडचिरोलीत आलेले रानटी हत्ती बघ, मोठ्या माद्यांच्या पायांमधून पिल्लू चालतं. मोठ्या शाकाहारी प्राण्याला स्वतःचं संरक्षण करायला आकार पुरतो, कळप लागतो तो पिल्लासाठी. आणि डायनासोर म्हणजे अंडी टाकून निघून जाणारे थंड रक्ताचे सरडे, ही समजूत तर कधीच मोडली आहे. मोंटानात जॅक हॉर्नर आणि रॉबर्ट माकेला यांनी १९७९ मध्ये मायासॉरा जगासमोर आणला. घरट्यात जवळपास मीटरभर लांबीची पिल्लं होती आणि त्यांचे दात झिजलेले होते. अंड्यातून निघाल्यावरही ती घरट्यातच खात होती, म्हणजे कुणीतरी त्यांना चारा आणून देत होतं. बदकाच्या चोचीच्या डायनासोरला जे जमत होतं ते आपल्या चंद्रपूरच्या टायटनोसॉरला का जमू नये? कळप होता हे तू मानतेस ना, मग कुटुंब नाकारतेस कशाच्या आधारावर?

मी: आत्या, मला या दोन गोष्टी एका गाठोड्यात बांधायच्या नाहीत. एकत्र राहणं वेगळं आणि पोरं वाढवणं वेगळं. पहिल्याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आपल्या सिरोंचाच्या पलीकडे आजच्या तेलंगणात, जुरासिक काळातल्या बारापासॉरसची जवळजवळ तीनशे हाडं एकाच परिसरात मिळाली आणि ती किमान सहा प्राण्यांची निघाली. एवढी मोठी जनावरं एका जागी मरतात तेव्हा ती एकत्र हिंडत होती असं मानायला चांगला आधार मिळतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये रोलँड बर्ड यांनी नोंदलेल्या पाऊलखुणांत तर वीसहून अधिक सॉरोपॉड, म्हणजे लांब मानेचे डायनासोर, एकाच दिशेने गेलेले दिसतात. मात्र याच खुणांवरून पुढे काय झालं ते बघ. रॉबर्ट बक्कर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस असं सुचवलं की मोठे प्राणी कडेने आणि लहान मध्ये, अशी ही संरक्षक मांडणी होती. चित्र इतकं आवडलं की पुस्तकांत, सिनेमांत तेच येत राहिलं. नंतर मार्टिन लॉक्ली यांनी त्या ठशांचा नकाशा पुन्हा तपासला तेव्हा तसलं कडं काही सापडलं नाही, लहान मोठ्यांच्या मागून चालले होते एवढंच दिसलं. शिवाय हे ‘लहान’सुद्धा अंड्यातून नुकतेच निघालेले नव्हते. आपण हत्ती आणि गवे बघून मोठे झालो, म्हणून कळप म्हटला की त्याच्या मधोमध पिल्लू आपण आपोआप ठेवतो. खडकात ते ठेवलेलं आहे का, एवढंच मला बघायचं आहे.

आणि खडक काय सांगतो? पश्चिम आणि मध्य भारतात लॅमेटा खडकांत टायटनोसॉरची अंडी मोठ्या संख्येने मिळतात. आपल्याकडे धनंजय मोहबे यांनी १९९६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या अंड्यांचा मेगालूलिथस मॅटलेयी हा प्रकार वर्णिला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या या माणसाने डायनासोरच्या घरट्यांवर केलेलं काम मराठी वाचकांना जेवढं ठाऊक असायला हवं तेवढं नाही, याची मला खंत वाटते. पण सर्वांत बोलका पुरावा आला तो २०२३ मध्ये, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातून. हर्षा धीमान, विशाल वर्मा, गुंटुपल्ली प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद प्रसिद्ध केली. अंडी साधारण १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची. एका घरट्यात एक ते वीस. घरटी एकमेकांना इतकी खेटून की त्यांच्यामधून कित्येक टनांची आई चालली असती तर शेजारणीची अंडी चिरडली असती. संशोधकांनी निष्कर्ष काढला तो हाच: माद्या एकत्र येऊन अंडी घालत होत्या आणि घालून निघून जात होत्या.

आत्या: दाटीवरून तू भलताच मोठा निष्कर्ष काढतेस. इथून जवळच नेरूळच्या तळ्यावर रोहित पक्षी येतात. त्यांच्या विणीची वसाहत कच्छच्या रणात भरते. मातीची बुटकी घरटी, एका घरट्यातून मान लांब केली की शेजारणीला चोच लागेल एवढीच जागा. आणि तरी नर-मादी दोघंही आळीपाळीने अंडं उबवतात, गळ्यातून स्रवणारं दूध पिल्लाला पाजतात, पुढे सगळी पिल्लं एकत्र करून पाळणाघर चालवतात. दाटी आणि संगोपन हातात हात घालून चाललेत की नाहीत? शिवाय पक्षी हे डायनासोरच आहेत, हे मला तू सांगायला नको. रोहितांची दाटी ही मायेची खूण, आणि टायटनोसॉरची दाटी ही निष्काळजीपणाची, हा कुठला न्याय?

मी: दाटी आहे एवढ्यावर मी थांबले असते तर तुझं म्हणणं बिनतोड होतं. पण रोहित आपल्या घरट्यावर बसतो. तीन-चार किलोंचा पक्षी मातीच्या ढिगावर पाय दुमडून बसला की त्याला आणखी जागा लागतच नाही. टायटनोसॉर अंड्यांवर बसू शकत नाही. डोंगरगावच्या टेकडीवरून निघालेला सांगाडा घे. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि २००३ पासून तो इसिसॉरस या नावाने ओळखला जातो. त्या जनावराची लांबी १८ मीटरच्या आसपास धरतात. असा प्राणी नारळाएवढ्या अंड्यांवर टेकला तर उबवणी होणार नाही, चुरा होईल. म्हणून अंडी जमिनीत अर्धवट पुरलेली असत, उष्णता सूर्याची आणि मातीची. अंड्यांच्या कवचात भरपूर छिद्रं आहेत. उघड्यावर ठेवलेलं असं अंडं लवकर सुकून जाईल. ओलसर मातीत गाडलेल्या अंड्याला मात्र हवा आत-बाहेर जायला ती छिद्रं लागतातच. म्हणजे रोहितात आई-बापाच्या शरीराकडून होणारं काम इथे मातीवर सोपवलेलं आहे. आणि तुझ्या मायासॉराची घरटी एकमेकांपासून सुमारे सात मीटरवर होती. त्यामधून मोठं जनावर ये-जा करू शकत होतं. जिथे संगोपनाचा दावा केला गेला तिथे चालायला वाट ठेवलेली दिसते, आणि आपल्याकडे ती दिसत नाही. मायासॉराच्या पिल्लांची हाडं घरट्याबाहेर चालता येऊ नये इतकी कच्ची होती का, यावरही पुढे वाद झाला, पण झिजलेले दात मी तुझ्या बाजूने मोजते. असे दात असलेली पिल्लं लॅमेटाच्या घरट्यांत मिळालेली नाहीत.

आत्या: ठीक. बसणं सोड. राखणीचं काय? हा माझा खरा आक्षेप आहे, आणि तो तुला टाळता यायचा नाही. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत डायनासोरांचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक कोण? एका बाजूला मगरी, दुसऱ्या बाजूला त्यांचेच वंशज पक्षी. मगर अंडी पुरते आणि घरट्याजवळ पहारा देते. पिल्लं आतून ओरडली की माती उकरते, पिल्लं तोंडात धरून पाण्याशी नेते. चंबळच्या घडियालांत नरसुद्धा पिल्लांच्या झुंडीची राखण करतात. पक्ष्यांचं तर सांगायलाच नको. दोन्ही बाजूंना जे आहे ते मधल्यातही असणार, हा उत्क्रांतीचा साधा हिशेब आहे. नसेल तर ते नाहीसं झालं हे तू सिद्ध करायचं, मी नव्हे. आणि धारच्या वसाहतीत आई घरट्यांमधून चालत नसेलही, पण कडेला उभी राहून पहारा देत नव्हती हे तुला कोणत्या दगडाने सांगितलं?

मी: कडेला उभं राहण्याचा ठसा कुठल्याच दगडात उमटलेला नाही, हे मला मान्य. काही दिवस, काही आठवडे माद्या परिसरात रेंगाळल्या असतील. ही शक्यता मी खोडू शकत नाही आणि खोडायचीही नाही. पण नातेवाइकांच्या हिशेबाला मर्यादा आहे. त्यावरून सुरुवात कुठून झाली ते कळतं, शेवट कुठे झाला ते कळत नाही. निकोबार बेटांवर मेगापोड नावाचा पक्षी आहे. वाळू आणि पाल्याचा मोठा ढीग करून त्यात तो अंडी घालतो. उबवणारा ढीगच. पिल्लू स्वतः ढीग फोडून बाहेर येतं आणि त्याच दिवसापासून स्वतःचं बघतं. हा पक्षीच आहे, तुझ्या हिशेबाच्या अगदी आतला. अंडी मातीत ठेवायची पद्धत आली आणि उबवणं, भरवणं दोन्ही गळून पडलं. म्हणजे पूर्वजात असलेली सवय वंशजात नाहीशी होऊ शकते, आणि ती जिथे नाहीशी झाली तिथली परिस्थिती टायटनोसॉरच्या परिस्थितीसारखीच आहे: पुरलेली अंडी, जन्मतःच धडधाकट पिल्लं.

पहाऱ्याबद्दल मात्र एक खडक काही सांगतो. गुजरातच्या ढोली डुंगरी इथे मोहबेंना १९८० च्या दशकात एक दगड सापडला. त्यात टायटनोसॉरची अंडी होती आणि नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू होतं. पुढे जेफ्री विल्सन यांनी तो तपासताना त्यातले काही मणके सापाचे असल्याचं ओळखलं, आणि २०१० मध्ये सनाजेह इंडिकस या नावाने त्याचं वर्णन झालं. सुमारे साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला. बाजूला अर्ध्या मीटरचं पिल्लू. तेवढ्यात वाळू-चिखलाचा लोंढा आला आणि सगळं जागच्या जागी गाडलं गेलं. या सापाचा जबडा आजच्या अजगरासारखा फाकत नव्हता, अख्खं अंडं त्याला गिळता आलं नसतं. पिल्लू बाहेर येण्याची तो वाट बघत होता. एकच प्रसंग असता तर मी तो अपघात म्हटला असता, पण त्याच ठिकाणी साप आणि अंडी एकत्र असल्याचे आणखी नमुने आहेत. सापांना ती जागा ठाऊक होती. पिसदुऱ्यातूनही मोहबे आणि सहकाऱ्यांनी माड्सोइया पिसदुरेन्सिस या मोठ्या सापाचं वर्णन केलं आहे, तेव्हा चंद्रपूरच्या घरट्यांनाही हा धोका असावा. १८ मीटरची आई साडेतीन मीटरच्या सापाला अंड्यांच्या मधोमध जाऊन हुसकावणार कशी? पाय टाकला तर अंडी जातात. एवढ्या मोठ्या शरीराने एवढ्या लहान शत्रूशी एवढ्या नाजूक जागी लढणं शक्य नाही. राक्षसी आकार पिल्लांच्या कामी येत नाही, आणि टायटनोसॉरच्या सगळ्या वागणुकीची किल्ली मला इथेच दिसते.

आत्या: मग तीन-चार किलोचं पिल्लू सापांच्या तोंडी देऊन आया निघून गेल्या, असं म्हण. असला वंश कोट्यवधी वर्षं टिकला कसा? आणि जायचंच होतं तर अंडी घालायला एकत्र जमल्या तरी कशाला? एकेकटीने लपवून घातली असती तर बरं झालं असतं. तुझ्या सिद्धांतात कळप निरर्थक होतो.

मी: उलट, कळपाला तिथेच अर्थ येतो. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं येतात, वाळूत अंडी पुरून समुद्रात परततात. हीच जात ओडिशात हजारोंनी एकाच वेळी येते. खाणाऱ्याचं पोट भरलं तरी पिल्लं संपू नयेत, हे संख्येचं संरक्षण. टायटनोसॉर कासवाचे जवळचे नातेवाईक नाहीत, पण गणित तेच लागू पडतं. हत्तीण सुमारे बावीस महिने गर्भ वागवते आणि एक पिल्लू देते, म्हणून त्या एकासाठी अख्खा कळप राबतो. टायटनोसॉर मादीचा खर्च एका पिल्लावर नव्हता, अनेक अंड्यांवर वाटलेला होता. तू तिला निर्दय ठरवू नकोस. तळ्याकाठची मऊ ओली माती निवडणं, खड्डा करणं, पुरणं, इतर माद्यांच्या सोबतीने वेळ साधणं, ही सगळी काळजीच आहे. फक्त ती अंडं घालण्याच्या क्षणापर्यंतची आहे.

आणि पिल्लं असहाय नव्हती. मादागास्कर एकेकाळी भारताला जोडलेलं होतं. तिथल्या रापेटोसॉरस या टायटनोसॉरच्या एका बाळाचा अभ्यास क्रिस्टिना करी रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. हाडांच्या आतल्या वाढीच्या खुणांवरून कळलं की जन्माच्या वेळी ते साडेतीन किलोंच्या जवळपास होतं आणि मेलं तेव्हा सुमारे चाळीस किलो. वय मात्र काही आठवडेच. त्याच्या पायांची प्रमाणं मोठ्यांसारखीच होती. माणसाचं किंवा मांजराचं बाळ जसं मोठं डोकं आणि आखूड पाय घेऊन जन्मतं, तसं ते नव्हतं. ते जन्मतःच चालणारं, स्वतः चरणारं जनावर होतं. भरवणारं कुणी असतं तर अशा शरीराची गरज पडली नसती. आता ही पिल्लं कुणाबरोबर हिंडत होती? एकमेकांबरोबर, असं मला वाटतं. टेक्सासच्या बिग बेंड भागात अलामोसॉरस या टायटनोसॉरची लहान जनावरं एकत्र मेलेली सापडली, सोबत मोठं कुणी नाही. याहून खूप जुना पुरावा पॅटागोनियात आहे. १९ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या मुसॉरसची शंभरहून अधिक अंडी आणि ऐंशी सांगाडे एकाच परिसरात मिळाले, आणि २०२१ मध्ये दिएगो पोल यांच्या गटाने दाखवलं की वर्षभराची अकरा पिल्लं एका ठिकाणी एकत्र होती, प्रौढ वेगळे. मुसॉरस टायटनोसॉर नाही, तो सॉरोपॉडांच्या आधीच्या शाखेतला. तरीही वयानुसार गट करून राहण्याची चाल किती जुनी असू शकते ते यातून कळतं. चाऱ्याच्या बाजूनेही हे पटतं. पिसदुऱ्याच्या दगड झालेल्या विष्ठेत वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांना २००५ मध्ये ताड-माडांच्या कुळातल्या, सूचिपर्णी झाडांच्या आणि गवताच्या सूक्ष्म खुणा सापडल्या. मोठं जनावर माडाचा शेंडा ओरबाडेल, गुडघ्याएवढ्या पिल्लाला ते शक्य नाही. त्यांची चरायची उंची वेगळी, चालायचा वेग वेगळा. एका कळपात राहण्याने दोघांचंही नुकसान झालं असतं.

आत्या: तुझ्या कळपात आजी नाही, आई नाही. एका वयाची पोरं तेवढी आहेत. मन मानत नाही, पण पुरावा ऐकला. आता हे सांग, काय सापडलं तर तू तुझं मत सोडशील? ते सांगता येत नसेल तर तुझं म्हणणं सिद्धांत नाही, हट्ट आहे.

मी: तीन गोष्टी. घरट्यात नुसती नुकती फुटलेली नव्हे, तर निरनिराळ्या वयांची, झिजलेल्या दातांची पिल्लं सापडली, तर भरवणं मान्य करेन. वसाहतीभोवती मोठ्या जनावरांनी पुन्हापुन्हा तुडवलेली जमीन आणि घरट्यांचा भाग मात्र न तुडवलेला, असं दिसलं तर तुझा पहारा मान्य करेन. आणि मोठ्या ठशांच्या शेजारून, त्याच वेळी उमटलेले, विटेपेक्षा लहान सॉरोपॉड पाऊलठसे एकाच दिशेने जाताना मिळाले, तर कुटुंबच मान्य करेन. यातली एकही गोष्ट अशक्य नाही, आणि तिन्हींसाठी लागणारे खडक आपल्याकडे आहेत. पण एक अडचण आहे, आणि ती मला सगळ्यांत जास्त बोचते. हे तिन्ही पुरावे वस्तूत नसतात, वस्तूंमधल्या अंतरात असतात. धारच्या पाडल्या गावातले लोक शेतात सापडलेले गोल दगड काकड भैरव म्हणून पुजत होते, शेताचं आणि गुरांचं रक्षण करणारा देव म्हणून. नंतर कळलं की ती टायटनोसॉरची अंडी आहेत. त्यांनी ती जपली, फोडली नाहीत, याचं मोल मोठं आहे. पण अंडं जागेवरून उचललं की ते कुठल्या घरट्यातलं, शेजारचं किती हातांवर, सोबत कुठलं हाड होतं, हे सगळं कायमचं जातं. देवळीत ठेवलं काय, संग्रहालयाच्या काचेत ठेवलं काय, किंवा शहरातल्या कुणा हौशी माणसाच्या कपाटात ठेवलं काय, तुझ्या-माझ्या वादापुरतं ते मुकं होतं. पिसदुऱ्याला नांगरटीत वर येणारे तुकडे येणारा-जाणारा उचलून नेतो. तिथल्या शेतकऱ्याला मोबदला देऊन, जागेवरच आखणी करून, प्रत्येक तुकड्याची जागा नोंदवणारी पाहणी राज्याने करायला हवी.

आत्या: आणि त्या पाहणीत माझा पहारा निघाला तर?

मी: तर पुढचा लेख तू लिही. धारच्या अंड्यांतलं एक वेगळं अंडं तुझ्या बाजूने आधीच थोडं बोलतं आहे: अंड्याच्या आत अंडं. धीमान आणि प्रसाद यांच्या गटाने २०२२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. असा बिघाड पक्ष्यांत होतो, मगरी-कासवांत आढळलेला नव्हता. त्यामुळे या माद्यांची अंडी घालण्याची यंत्रणा मगरीपेक्षा पक्ष्याच्या जवळची असू शकते. म्हणजे सगळी अंडी एका दमात न घालता काही अंतराने घालत असतील, आणि तसं असेल तर घरट्याच्या जागी थोडा काळ थांबणंही आलं. किती थांबत होत्या, ते अजून कुणी मोजलेलं नाही.